तेलाची आयात आणि आमचं सोयाबीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2024-25 मध्ये देशाची मालाची व्यापार तूट, म्हणजे निर्यातीपेक्षा जास्त झालेली आयात, 280 अब्ज डॉलरच्या वर गेली. यावर चर्चा होते ती क्रूड म्हणजे खनिज तेल, सोनं आणि चीनच्या मालाची. क्रूड आपल्याकडं फारसं निघतच नाही, ते समजू शकतो, पण खायच्या तेलाचं काय? दरवर्षी दीडशे लाख टनांच्या आसपास तेल आपण बाहेरून आणतो, पाम इंडोनेशिया-मलेशियातनं, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलमधनं, म्हणजे देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त, आणि सगळं डॉलर मोजून. रुपया घसरला की तोच डबा अजून महाग होतो, मग ओरड होते, मग सरकार आयात शुल्क उतरवतं.

सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केलं तेव्हा बाहेरचं तेल महाग होऊन आमच्या सोयाबीनला भाव येईल म्हणून आम्हाला बरं वाटलं होतं. मे 2025 संपता संपता, पेरणीच्या तोंडावर, ते 16.5 वर आणलं.

2025 च्या दिवाळीच्या आधी लातूरला सोयाबीनचे 22 कट्टे घेऊन गेलो. सप्टेंबरच्या पावसानं माल भिजलेला, मशीननं ओलावा 16 टक्के दाखवला, व्यापाऱ्यानं मूठभर दाणे हातावर चोळले, एक दाताखाली धरला आणि क्विंटलला 3,900 म्हणाला. हमीभाव तेव्हा 5,328 होता. मालकीण म्हणाली होती तेल संपलंय, म्हणून येताना सोयाबीन तेलाची पिशवी घेतली, 145 रुपये लिटर. तेल एवढं महाग मग सोयाबीन का पडतं, असं लोक विचारतात. क्विंटलमागं तेल निघतं 18 किलोच्या आसपास, बाकी सगळी पेंड, आणि पेंडीला बाहेर उठाव नसला की मिलवाला भाव आमचाच तोडतो.

आमचंही उत्पादन कमी आहे हे मान्य. एकरी चार-पाच क्विंटल, ब्राझीलमध्ये त्याच्या तिप्पट. पण 1986 ला तेलबियांचं मिशन सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला हाच देश तेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता, कोरडवाहू रानातच झाला होता ना! मग 1994 ला पामतेलाची आयात खुली केली आणि पुढं शुल्क वरखाली होत राहिलं, शेतकऱ्यानं कशाच्या भरवशावर तेलबिया पेरायच्या?

माझी मागणी एवढीच की शुल्क पेरणीच्या आधी जाहीर करा आणि माल विकून होईपर्यंत त्याला हात लावू नका. मी यंदा रब्बीला तीन एकर करडई टाकलीय, ती काढणीला येईल तेव्हा शुल्क किती असेल हे मला आजच कळायला पाहिजे.

एक शेतकरी, औसा तालुका, जि. लातूर