सत्तेचाळीस मार्कांचा हिशेब

खानापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

"पास झाले," एवढंच आईला सांगून तू फोन ठेवलास. रात्री मार्कशीटचा फोटो आला. गणितात ४७ मार्क, पी ग्रेड म्हणजे जेमतेम पास, आणि खाली तुझी ओळ : "पप्पा, रागावू नका." रागावलो नाही गं. वाईट वाटलं, कारण तुझा जीव या विषयात आहे. पण दोन दिवस तू मेसला जेवली नाहीस असं तुझी मैत्रीण आईला म्हणाली, त्याची काळजी मला मार्कांपेक्षा जास्त वाटते. आधी नीट जेव.

पतसंस्थेत माझं कामच हिशेबाचं, म्हणून तुझाही मांडून बघितला. गणिताला ४ क्रेडिट, म्हणजे विषयाचं वजन. पी म्हणजे ४ पॉइंट, बी प्लस म्हणजे ७. तुला बी प्लस मिळाला असता तर चार क्रेडिटचे मिळून १२ पॉइंट जास्त आले असते. सेमिस्टरच्या २० क्रेडिटवर एसजीपीएत, म्हणजे सेमिस्टरच्या सरासरीत, ०.६ चा फरक पडला, तो डोळ्यांत भरणारच. पण इंजिनिअरिंगच्या सगळ्या १६० क्रेडिटवर तेच १२ पॉइंट पसरले की ०.०७५ होतात. नुकसान आहेच, कंपन्या सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरांची सरासरी, बघतात हेही खरं. पण भरून निघणार नाही एवढं मोठं ते नाही. तूही एकदा कागदावर करून बघ की.

आता ४७ आले कुठून ते बघू. इंटर्नलचे ५० पैकी २९ आणि लेखीचे ५० पैकी १८. लेखीचा पेपर शंभराचा, त्याचे निम्मे धरतात, म्हणजे पेपरात ३६. पाच मॉड्यूल, प्रत्येकातून वीस मार्कांचा एक प्रश्न. शेवटचं लिनियर अल्जेब्रा वेळ संपला म्हणून कोरंच राहिलं, असं परीक्षेच्या रात्री तूच सांगितलं होतंस. तिथेच वीस गेले. उरलेल्या ऐंशीत ३६ म्हणजे फार वाईट नाही, पण चांगलेही नाहीत. तिथे काय चुकलं ते मला इथून कळणार नाही. म्हणून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव. मुदत असते, आजच अर्ज कर, फीचे पैसे मी पाठवतो. रिव्हॅल्युएशनचं ती बघून ठरवू. त्याच्यावर आशा लावून बसू नको.

फोटोकॉपी घेऊन सरांकडे जा. पहिल्या बाकावरच्या मुलींनीच जायचं असतं असं काही नाही. आणि दुसऱ्या सेमिस्टरचं गणित सुरू झालंच आहे, तर सीनिअरांकडून जुने पेपर घे आणि आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून सोडव, पूर्ण तीन तास. एका प्रश्नाला पस्तीस मिनिटं, त्यापुढे अडलं तर जागा सोडून पुढचा प्रश्न.

मराठी माध्यमामुळे असं झालं, असं तुझी मावशी म्हणाली. मला ते पटत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी आलं, पहिले चार महिने तू डिक्शनरी उशाशी घेऊन झोपत होतीस. ते ओझं तू तेव्हाच उतरवलंस. आता कोणी तेच कारण हातात दिलं तर घेऊ नको. बंगळूरला एकटं राहणं, नवीन हॉस्टेल, रात्री दोनपर्यंतची जाग, ही कारणं मला जास्त खरी वाटतात. झोपेचं बघ.

गल्लीत विचारणाऱ्यांना मी सांगितलंय, गणितात कमी पडले, बाकी चांगले आहेत. लपवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून तूही आईशी बोलताना लपवू नको. तिला सगळं कळतं, आणि न सांगितलेलंच जास्त लागतं.

पुढच्या महिन्यात जोडून सुट्ट्या आहेत. यायचं असलं तर चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट आत्ताच काढायला हवं, नंतर वेटिंगच मिळतं. अभ्यासासाठी थांबायचं असलं तरी चालेल, मग आम्ही दोघं तिकडे येतो. काय ते उद्या संध्याकाळी फोन करून सांग.

तुझे,
पप्पा