संलग्नता देताना कारभारही तपासला जावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उच्च शिक्षणाच्या दर्जाविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहिले जाते. परंतु ख्रिस्ती मंडळ्यांसाठी (म्हणजे चर्चच्या समुदायांसाठी) पाळक आणि अध्यापक घडवणाऱ्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयांची संलग्नता व त्यांचा कारभार यांची चर्चा मंडळ्यांच्या बाहेर क्वचितच होते, आणि आत होते तीही दबक्या आवाजात. या क्षेत्रात अनेक वर्षे अध्यापन केलेला शिक्षक या नात्याने मी त्याविषयी लिहीत आहे.

भारतातील बरीचशी ईश्वरविज्ञान महाविद्यालये पश्चिम बंगालमधील सेरामपूर महाविद्यालयाच्या सिनेटशी, म्हणजे अभ्यासक्रम आणि पदव्या ठरवणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहेत. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये हे महाविद्यालय स्थापन केले (१८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापून प्रसिद्ध करणारे केरी ते हेच). सेरामपूर त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात असल्याने पदव्या देण्याचा अधिकार १८२७ मध्ये राजे सहावे फ्रेडरिक यांच्या सनदेने मिळाला. १८४५ मध्ये ते गाव इंग्रजांना विकले गेले तेव्हाही हा अधिकार अबाधित राहिला, आणि बंगालमध्ये १९१८ साली झालेल्या सेरामपूर कॉलेज कायद्याने कौन्सिल, सिनेट आणि अध्यापक मंडळ अशी चौकट घालून दिली. परस्परांशी फारसे न पटणारे पंथ एका टेबलाभोवती बसून अभ्यासक्रम आणि पदवी ठरवतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतला, बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातला आणि कोट्टायमच्या ऑर्थोडॉक्स सेमिनरीतला विद्यार्थी या सिनेटचीच बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही ईश्वरविज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडतो.

अडचण आहे ती या पदवीमागे उभ्या असलेल्या संस्थांच्या कारभाराची. अभ्यासक्रम आणि पदवी सिनेटकडे, तर जमीन, इमारती, पगार आणि प्राचार्यांची नेमणूक स्थानिक नियामक मंडळाकडे, म्हणजे पर्यायाने त्या त्या चर्चकडे किंवा विश्वस्तांकडे, अशी कामाची विभागणी आहे. सर्व काही सुरळीत असते तोवर ती सोयीची ठरते. मात्र नियामक मंडळात दोन तट पडले, दोघांनीही आपापला प्राचार्य नेमला आणि प्रकरण न्यायालयात गेले, की विद्यार्थ्याने दाद कोणाकडे मागायची हे कोणीच सांगू शकत नाही. मी शिकवत असलेल्या एका महाविद्यालयात नेमके हेच घडले. अध्यापकांचे पगार थांबले, ग्रंथालयाच्या किल्ल्या एका गटाकडे आणि परीक्षेच्या अर्जावर लागणारा शिक्का दुसऱ्या गटाकडे राहिला, आणि आपल्या मंडळीने वर्गणी गोळा करून शिकायला पाठवलेली मुले रोज कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहू लागली.

त्याआधी तेथे संलग्नतेसाठी सिनेटची पाहणी समिती येऊन गेली होती. सदस्य अभ्यासू होते आणि त्यांनी मन लावून काम केले, याबद्दल मला शंका नाही. त्यांनी ग्रंथालयाची दाखल नोंदवही चाळली, अध्यापकांच्या पदव्यांची मूळ प्रमाणपत्रे पाहिली, वसतिगृहाच्या खोल्या मोजल्या. नियामक मंडळाची इतिवृत्ते मात्र कोणी मागितली नाहीत. ती मागितली असती तर वर्षभर एकही बैठक गणसंख्येअभावी पूर्ण झालेली नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळले असते. पाहणीचा अहवाल आम्हा अध्यापकांना कधी वाचायला मिळाला नाही. विद्यार्थ्यांचा तर प्रश्नच नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे की संलग्नता देताना आणि तिचे नूतनीकरण करताना नियामक मंडळाची रचना, बैठका, लेखापरीक्षण आणि नेमणुकांची पद्धत यांची तपासणी ग्रंथालयाइतकीच काटेकोरपणे व्हावी आणि अहवाल प्रसिद्ध केला जावा. पाहणी समितीत संलग्न महाविद्यालयांशी कसलाही संबंध नसलेली किमान एक व्यक्ती असावी. आज पाहणी करणारा प्राध्यापक उद्या स्वतःच्या महाविद्यालयाच्या पाहणीला सामोरा जाणार असेल, तर तो कितीही सचोटीचा असला तरी त्याची लेखणी थोडी सैल पडतेच.

यावर आक्षेप येईल की चर्चच्या अंतर्गत कारभारात बाहेरच्यांनी डोकावू नये. धर्मस्वातंत्र्याची चिंता मलाही आहे, आणि पाळकांना काय शिकवावे हे सरकारने ठरवू नये, असेच माझे मत आहे. पण ताळेबंद आणि बैठकांची इतिवृत्ते यांचा सिद्धांतांशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ डिव्हिनिटी’चे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तेथील वेगवेगळ्या पंथांच्या महाविद्यालयांचा संघ १९१० मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या संसदेच्या कायद्याने अस्तित्वात आला आणि २०१२ पासून तो विद्यापीठ म्हणून काम करतो. तो स्वतःच्या पदव्या देतो, घटक महाविद्यालये आपापल्या पंथांशी बांधलेली राहतात, आणि तरीही संपूर्ण विद्यापीठ ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय उच्चशिक्षण नियामकाच्या देखरेखीखाली आहे. त्या नियामकाची नोंदवही कोणालाही पाहता येते. यामुळे तेथील पंथांचे स्वातंत्र्य हिरावले गेले, असे म्हणता येणार नाही.

आपल्याकडे लगेच असा बाहेरचा नियामक नेमावा, अशी माझी मागणी नाही. सिनेटने आपल्याच अधिकारात दोन गोष्टी केल्या तरी पुरे: ज्या महाविद्यालयाची संलग्नता तात्पुरती किंवा अटींसह आहे त्याचे नाव आणि त्या अटी प्रवेशाचे अर्ज निघण्यापूर्वी जाहीर कराव्यात, आणि नियामक मंडळ वादात अडकल्यास शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या संलग्न महाविद्यालयात, फीचा बोजा पुन्हा न पडता, अभ्यासक्रम पूर्ण करता येईल असा लेखी नियम करावा. येत्या प्रवेशांपूर्वी यावर निर्णय व्हावा, अशी मंडळ्यांच्या प्रतिनिधींना आणि सिनेटच्या सदस्यांना आपल्या दैनिकाद्वारे माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक, पुणे