खडूचे ते चार गोल

मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

१ ऑगस्टला बोटी पाण्यात गेल्या, आठवड्याभरात पहिली मासळी ससून डॉकला उतरली आणि त्याच पहाटे पिकअप बर्फासकट भरून निघाली. सेल्फ एका दमात लागला. ब्रेकचं पेडल वरच्या वर धरलं. खड्ड्यातून जाताना मागून यायचा तो कडकड आवाज आला नाही. त्याआधी वडाळ्याला पासिंग झालं, पीयूसीमध्ये धूरही मर्यादेत आला. हे सगळं तुमच्या हातचं आहे आणि ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहोत. यातलं काम तुम्हाला पाठ आहे. दुसरा कुणी गाडीवाला वाचत असेल तर त्याचे पैसे वाचावेत, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

मासळीची गाडी वेगळीच सडते. बर्फ वितळतो, त्यात समुद्राचं खारं पाणी मिसळतं आणि हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या पेटीच्या, फटींतून ते थेट चेसिसवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, गळत राहतं. हौदा आणि चेसिसच्या मधल्या रबर पॅकिंगखाली ते साचतं. चेसिसच्या बंद भागातली निचऱ्याची भोकं माशांच्या खवल्यांनी आणि चिखलाने बुजतात, मग पाणी आत शिरतं पण बाहेर पडत नाही. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, चेसिसचे आडवे मेंबर आणि ब्रेकच्या नळ्या सगळ्यात आधी जातात. इंजिन धडधाकट असताना गाडी खालून संपते. मुंबईत अशा कितीतरी गाड्या वेळेआधी भंगारात गेल्या आहेत.

खिशात ४०,००० होते, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याआधी मे महिन्यात तीन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एकाने सेल्फ जड फिरतो म्हणून नवी बॅटरी गळ्यात मारली. दुसऱ्याने काळा धूर बघितला आणि बॉनेट न उघडताच इंजिन बोअर करायचे ७०,००० सांगितले. तिसऱ्याने चेसिसच्या गंजात पुट्टी भरली, वरून काळा अंडरबॉडी कोट मारला आणि ‘नवी झाली’ म्हणून गाडी परत दिली. पुट्टी ही दरवाजाचा पोचा बुजवायची वस्तू आहे. टनभर मासळी ज्या लोखंडावर तोलायची त्यात पुट्टी भरणं म्हणजे रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. गंजावर कोट मारला की ओल आत कोंडते, बाहेरून लोखंड काळंभोर दिसतं आणि आत पापुद्रे सुटत राहतात. त्या तिघांची नावं इथे लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

आणि तुम्ही? गाडी ठोकळ्यांवर घेतलीत, चाकं काढलीत, तो काळा कोट वायरब्रशने खरवडलात, आणि अर्ध्या किलोची हातोडी आमच्या हातात दिलीत. दुसऱ्या हातात पांढरा खडू. म्हणालात, “गाडी तुमची आहे, तुम्हीच ठोका. आवाज बदलला की गोल मारा.”

चांगलं लोखंड ठोकलं की टणकन वाजतं आणि हातोडी उसळून मागे येते. खाल्लेलं लोखंड भद्द वाजतं, हातोडी तिथेच बसते, खाली लाल भुगा पडतो. दहा मिनिटांत कानाला फरक कळायला लागतो. कुठल्याही गॅरेजने गाडीवाल्याला इतकं सोपं काहीतरी आजवर शिकवलं नव्हतं. बाकी ठिकाणी गाडीवाल्याची जागा बाहेरच्या बाकड्यावर असते आणि निकाल तिथेच त्याला ऐकवला जातो.

अकरा गोल झाले. मग तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेका गोलापाशी बसलात. टोक आत घुसलं तर गोल तसाच राहिला. पापुद्रा निघून खाली चकचकीत लोखंड लागलं, की तुम्ही अंगठा ओला करून गोल पुसलात. असे चार गोल पुसलेत. “हा वरवरचा आहे. घासा, प्रायमर मारा, पैसे घालू नका.” एक जागा आमच्याकडून सुटली होती, उजव्या मागच्या हँगरच्या आतल्या अंगाला. तिथला गोल तुम्ही स्वतः काढलात.

मेस्त्रीकाका, आभार मानायचे ते नेमके त्या अंगठ्याचे आहेत. एकेक गोल म्हणजे एक पॅच, त्याचा पत्रा, रॉड, मजुरी. अकराच्या अकरा जागी वेल्डिंग करून बिल लावलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. उलट खुशीने पैसे दिले गेले असते, कारण गोल गाडीवाल्याच्याच हाताने काढलेले होते. तुम्ही ते आमच्यासमोर पुसलेत, कारण सांगत पुसलेत, आणि पुढच्या कामाला लागलात. या शहरात अडलेल्या माणसाला लुटणं अवघड नाही, विशेषतः ज्याची गाडी उभी आणि हप्ता चालू आहे त्याला. तरी कुर्ल्याच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, वर पाऊस कोसळत असताना, एक माणूस आपलीच मजुरी अंगठ्याने पुसतो. अशी माणसं आहेत म्हणून हातावर पोट असलेल्यांच्या गाड्या चालतात. त्यांच्या नावाच्या पाट्या कुठे लागत नाहीत.

आता उरलेल्या आठ गोलांविषयी, वाचणाऱ्यांसाठी.

वेल्डिंगआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला, अल्टरनेटरच्या वायरी सोडवल्या, डिझेलची टाकी आणि जवळच्या ब्रेकच्या नळ्या उतरवल्या. अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावला, म्हणजे करंट बेअरिंगमधून फिरत नाही. सडलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून काढला. पॅच मूळ जाडीच्याच पत्र्याचा घेतला. जास्त जाड घेतला तर तो स्वतः वाकत नाही आणि त्याच्या कडेला जुनं लोखंड चिरतं. पॅचची टोकं चौकोनी ठेवली नाहीत, पतंगासारखी निमुळती केली, कारण चेसिसच्या उंचीवर सरळ उभा वेल्ड पडला तर तिथूनच तडा सुरू होतो. फ्लँजच्या, म्हणजे चेसिसच्या वरच्या-खालच्या दुमडीच्या, कडेवर वेल्ड घेतला नाही. टाका इंचभराचा, मग लांब जाऊन दुसरा, म्हणजे उष्णतेने चेसिस पिळत नाही.

जुलैची हवा म्हणजे नुसती ओल. ७०१८ नंबरचे वेल्डिंगचे रॉड उघड्या पाकिटात राहिले की दमट होतात, मग वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात आणि पुढे तडे जातात. ते रॉड पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला भट्टीत सुकवल्याशिवाय तुम्ही हातात घेतले नाहीत. त्यापायी एक अख्खा दिवस गेला. तो जायलाच हवा होता, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असल्याने गाडीला घाईही नव्हती. पॅच थंड झाल्यावर झिंक प्रायमर, त्यावर इपॉक्सी, आणि तो पूर्ण वाळल्यावरच अंडरबॉडी कोट. बंद भागांत जळकं ऑइल ओतायची जुनी सवय तुम्ही मोडून काढलीत. ते रबराचे बुश खातं, रस्त्यावर ठिबकतं आणि त्यावर दुचाकीवाला घसरतो. त्याऐवजी निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करून आत मेणाचा स्प्रे मारलात.

इंजिनचं काम त्यामानाने थोडक्यात झालं. गाडी कॉमन रेल या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल पद्धतीच्या आधीची, साध्या मेकॅनिकल पंपाची. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असता तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरा असता तर अर्धवट जळलेलं डिझेल किंवा हेड गॅस्केटमधून येणारं पाणी. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून ठेवलंत, ते उडालं नाही, म्हणजे रिंगांमधून दाब खाली गळत नव्हता. इंजेक्टर काढून कॉम्प्रेशन गेज लावलं, तर चारही सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत. बोअरिंगचा प्रश्न तिथेच संपला. नोझल टेस्टरवर लावल्या तेव्हा दोन नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत होत्या आणि एअर फिल्टर ओल्या धुळीने पार बसला होता. चारही नोझल एकदम बदलून एकाच दाबावर लावल्या, इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवे टाकले, टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनवर लावली, हँड प्राइमरने बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली. बीएस-४ या प्रदूषण नियमाच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धूर किती दाट ते मोजायचं माप) आहे. गाडी त्याच्या बरीच आत आली.

बॅटरीचं तर ऐकूनच संताप आला. सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावलीत, मीटरने दीड व्होल्ट दाखवला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायला नको. इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी हिरवी पडून कुजली होती. ती अडीचशे रुपयांत बदलली. जुनी बॅटरी चांगली होती, ती उगाच गेली.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तुम्ही एक रुपया कमी करू दिला नाहीत, आणि त्याचेही आभार. काच, दरवाजा, फाळका, सेल्फचा सांगाडा या वस्तू सीएसटी रोडच्या बाजारात जुन्या बघायला हरकत नाही. व्हील सिलिंडर, लायनर, टाय रॉड एंड, बेअरिंग आणि होजपाइप नवेच घ्यायचे. गंजलेली ब्रेकची नळी मधे कापून जोड देऊ नका, हेही तुम्हीच बजावलंत. पूर्ण नळी नवी, आणि टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे दोनदा दुमडलेली पसरट कड. एकेरी फ्लेअर चिरतो आणि तो नेमका जोरात ब्रेक दाबतानाच चिरतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, म्हणून सीलबंद डबाच घ्यायचा आणि तो त्याच दिवशी वापरायचा. ब्रेकमधली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं.

पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठं काम हौद्यात झालं. खाली ॲल्युमिनियमची चेकर प्लेट लोखंडी मेंबरवर थेट स्क्रूने बसवलेली होती. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे ती जागा बॅटरीसारखी वागते आणि धातू खात सुटते. तुम्ही प्लेट उचलून मधे रबराची पट्टी घातलीत, स्क्रू सीलंटमध्ये बसवलेत, सगळ्या फटी बंद केल्यात. मग हौद्याला मागच्या डाव्या कोपऱ्यात थोडा उतार देऊन सव्वा इंची पीव्हीसी पाइप काढलात, तो चेसिसपासून लांब नेऊन २० लिटरच्या कॅनमध्ये सोडलात. आता बर्फाचं पाणी ना चेसिसवर पडतं, ना रस्त्यावर. फेरी संपली की खालून गोड्या पाण्याची धार मारायची, विशेषतः हँगरवर आणि चाकांच्या आत. हे आधी केलं असतं तर आठ गोलांपैकी निम्मे पडलेच नसते. जो कुणी मासळीची गाडी विकत घेतोय त्याने हे पहिल्या दिवशी करून घ्यावं, दुसरं काही नाही केलं तरी.

हिशेब ३८,४०० वर थांबला. कच्च्या कागदावर तुम्ही एकेक वस्तू लिहिलीत आणि काढलेले जुने पार्ट गोणीत भरून परत दिलेत. तो कागद जपून ठेवला आहे.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दर वर्षी असतं, म्हणजे पुढच्या जूनमध्ये गाडी पुन्हा तुमच्या शेडमध्ये येईलच. हातोडी आणि खडू तेव्हा आम्हीच घेऊन येऊ. त्याआधी या रविवारी यायचं आहे. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट नवे टाकलेत, ते भाराच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळायचे असं तुम्ही सांगितलं होतं. चार फेऱ्या झाल्या आहेत. सोबत बोंबील आणतो. ताजे हवेत की सुके, तेवढं कळवा.

आपले,
मासळीच्या पिकअपवाले