कारागिरांना आळीतच जागा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत तुर्कस्तानातल्या इस्तंबूलच्या छपराखालच्या जुन्या बाजारावर, म्हणजे ग्रँड बझारवर, लेख आला. सोबत रंगीत दिव्यांचे आणि गालिच्यांचे फोटोही छान होते. पण लेख वाचून तो बाजार म्हणजे फक्त खरेदीची जागा वाटते. मी शाळेत चित्रकला शिकवत असे आणि माझा जन्म कसबा पेठेतच गेला. गेल्या हिवाळ्यात लेकीबरोबर तो बाजार मनसोक्त हिंडून आले. तिथे जे पाहिलं त्यातलं बरंचसं पुण्याच्या उपयोगाचं आहे, म्हणून हे पत्र.

ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदने 1453 मध्ये शहर जिंकलं आणि दोन-तीन वर्षांत या बाजाराच्या मधल्या दगडी इमारतीचं काम सुरू केलं. तिथलं भाडं आया सोफिया या मशिदीच्या खर्चासाठी लावून दिलेलं होतं. पुढे तिच्या भोवती गल्ल्या वाढत गेल्या आणि त्यांच्यावर कमानदार छपरं आली. आज साठएक गल्ल्या आणि चार हजारांच्या आसपास दुकानं आहेत. 1894 च्या भूकंपाने हा बाजार खचला, 1954 च्या आगीत होरपळला, तरी दोन्ही वेळा तिथेच उभा राहिला. गल्ल्यांची नावं धंद्यांवरून पडलेली. एक आरसेवाल्यांची, एक रजईवाल्यांची, एक सपातावाल्यांची. आपल्याकडे तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, पासोड्यांच्या बाजारावरून पासोड्या विठोबा, तसंच ते. तुळशीबागेत मधोमध नारो अप्पाजी खिऱ्यांनी बांधलेलं रामाचं देऊळ आणि भोवती बाजार, हे ज्याने लहानपणापासून पाहिलं आहे त्याला तिथे परकं वाटत नाही. इस्तंबूलच्या मसाल्याच्या बाजाराजवळची रुस्तम पाशा मशीद तर दुकानांच्या डोक्यावरच बांधलेली आहे. खाली दुकानदार, वर नमाज. अरुंद जिन्याने चढून जावं लागतं.

त्या मशिदीसाठी तरी एक सकाळ राखून ठेवावी, असं मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. सोळाव्या शतकात मिमार सिनान या वास्तुकाराने ती उभारली. आत भिंतीभर इझनिक गावात बनलेल्या रंगीत चकाकत्या फरशा आहेत. ट्युलिप, कार्नेशन, लांब पात्यांची नक्षी, पांढऱ्यावर निळा आणि हिरवट निळा. पण डोळा खिळतो तो लाल रंगावर. हा लाल लोहयुक्त मातीचा असतो आणि जाड लावावा लागतो, त्यामुळे काचेसारख्या चकाकीखालीही तो किंचित उठून राहतो. खिडकीतून तिरपा उजेड आला की हा उठाव स्पष्ट दिसतो. इझनिकची ती भरभराट सतराव्या शतकात ओसरली, तरी क्युताह्या शहरात फरशांचं काम चालू राहिलं. 2016 साली युनेस्कोने या कलेला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

बाजारात अशा फरशा आणि वाडगे ढिगाने मिळतात, पण सगळे हाताने रंगवलेले नसतात. घेणाऱ्याने रेषेकडे नीट पाहावं. छापील नक्षीत रेषेची जाडी सगळीकडे सारखी असते. हाताने काढलेल्या रेषेत कुंचला टेकतो तिथे रंग दाट उतरतो आणि उचलतो तिथे फिका होतो. रंगीत काचांच्या दिव्यांच्या बाबतीत मला जास्त आवडली ती करून घेण्याची सोय. शहरात कितीतरी ठिकाणी तुम्हाला काचेचा गोळा, रंगीत तुकडे आणि डिंक देऊन टेबलाशी बसवतात. तुकडे चिकटवायचे, फटींत पांढरा लेप भरायचा आणि वाळला की दिवा घरी न्यायचा. माझ्या लेकीने केला. तिची नक्षी वाकडी आली, पण दुकानातल्या तयार दिव्यापाशी थांबून ती आता तुकडे कसे बसवलेत ते बघते. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत ही नजर यावी म्हणून मी आयुष्यभर झटले.

आता मुद्द्याचं. नुसतं नाव टिकल्याने धंदा टिकत नाही, हेही त्याच बाजारात दिसतं. फेझ, म्हणजे गोंडा लावलेल्या उंच लाल टोप्या, करणाऱ्यांची गल्ली आजही त्याच नावाने ओळखली जाते, पण 1925 च्या कायद्याने फेझवर बंदी आली आणि त्या टोप्या गेल्या. मुख्य रस्ता जुन्या टोपीवाल्यांच्या नावाचा, दोन्ही बाजूंना मात्र सोन्याची दुकानं. तरी या बाजारात अजून जीव आहे, याचं कारण मला आजूबाजूच्या ‘हान’ नावाच्या जुन्या सरायांमध्ये सापडलं. मधे चौक, भोवती दोन मजल्यांवर खोल्या, आपल्या वाड्यांसारख्याच. सतराव्या शतकात राजमाता क्योसेम सुलतान हिने बांधलेला मोठा वालिदे हान पाहिला. पडझड बरीच आहे, पण खोल्यांतून धातूकाम करणारे बसलेले दिसले. दुकानातल्या वस्तूचा कान तुटला तर ती हातात धरून पायी कारागिराकडे नेता येते. करणारा आणि विकणारा अजून एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, हे मला त्या बाजाराचं खरं वैभव वाटलं.

पुण्यात हे अंतर रोज वाढत चाललं आहे. तांबट आळीतले त्वष्टा कासार पेशवाईत कोकणातून इथे आले. लहानपणी सकाळी शाळेला निघताना हातोड्यांचा आवाज चौकातूनच कानी पडायचा. आजही काही घरांत काम चालतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मठारकाम एकदा जवळ बसून पाहावंच. तांब्याचं पातेलं भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर ते पालथं धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने बुडाच्या मध्यापासून ठोके घालत बाहेर येतात. ठोक्याला ठोका लागून, एका वर्तुळाबाहेर दुसरं. डावा हात भांडं फिरवत असतो, उजवा थांबत नाही, आणि आखणीची एक रेघही नसते. प्रत्येक ठोक्याने पत्रा घट्ट होतो आणि उजेड पकडणारा एक छोटा पैलू उमटतो. ती नक्षी शोभेसाठी आहे असं लोकांना वाटतं, पण भांड्याची ताकदही तिच्यातच असते.

गीझर आले आणि बंबांचं काम गेलं. स्टील आलं आणि हंडे-कळशा गेल्या. त्याला कुणाचा इलाज नव्हता. आता जे होतंय त्याला मात्र इलाज आहे. आमच्या ओळखीच्या एका कारागिराचा वाडा पुनर्विकासात गेला. नव्या इमारतीत त्याला वरच्या मजल्यावर सदनिका मिळाली आणि तळमजल्यावर वाहनतळ झाला. सदनिकेत भट्टी पेटवता येत नाही, ठोकाठोकीही करता येत नाही. हातातलं कसब शाबूत असूनही त्याचं काम थांबलं. असंच चालू राहिलं तर आळीची पाटी राहील आणि तांबट जातील.

म्हणून महापालिकेकडे माझी आग्रहाची मागणी आहे. तांबट आळी, बुरूड आळी आणि कुंभारवाड्यातल्या ज्या वाड्यात कारागीर काम करत असेल, त्या वाड्याच्या पुनर्विकासाला परवानगी देताना तळमजल्यावर त्याच्या कामाचा गाळा नकाशातच दाखवायला लावावा. भट्टीचा धूर वर नेणारी चिमणी आणि आवाज अडवणारी भिंत, दोन्हींची तजवीज बांधतानाच करता येते. नंतर राहायला येणाऱ्यांची तक्रारही मग राहणार नाही. शाळांनीही सहलीचा एक दिवस इथे द्यावा. मुलांना केळकर संग्रहालयातले जुने दिवे आणि अडकित्ते दाखवून आणतो, तसंच पुढे तांबट आळीत नेऊन कारागिराला रीतसर मोबदला देऊन प्रत्येकाच्या हातात पाच मिनिटं हातोडी द्यावी.

आणखी एक सोपं काम आहे. कसबा पेठ आणि मंडईची मेट्रो स्थानकं सुरू झाली आहेत. बाहेर पडणाऱ्या माणसाला कोणत्या आळीत काय बनतं आणि तिथे पायी कसं जायचं, हे सांगणारा नकाशा दोन्ही ठिकाणी लावावा. त्यासाठी लागणारी रेखाटनं मी विनामूल्य करून देईन. तांबट आळीची माझ्याकडे तयारच आहेत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
कसबा पेठ, पुणे