मंत्रिमहोदय, नववीच्या मुलींना पी.टी.चा तास परत द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं पी.टी.ची बाई होते. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि जे सांगणार आहे ते फक्त तिथंच घडतं असंही नाही.

पाचवीचा वर्ग मैदानावर न्यायचा म्हणजे दावणीची वासरं सोडायची. पायरी उतरायच्या आत रांग मोडलेली, चपला कुठं, पोरं कुठं. त्याच मुली नववीत आल्या की भिंतीच्या सावलीला ओळीनं बसतात. "बाई, आम्ही बघतो ना." चार वर्षांत त्यांचं काय झालं? मैदानाच्या मधोमध मुलांची खेळपट्टी. पाळी आलेली, आणि शाळेच्या संडासात पाणी नाही. ओढणी कमरेला बांधून खो घ्यायचा तर कुंपणापलीकडं बघे उभे. घरून बजावलेलं असतं, आता मोठी झालीस. बसून राहणं हा त्यांचा आळस नव्हता. मला हे कळायला दहा वर्षं लागली. तोवर मी नुसती ओरडत होते.

या वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ साली संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती मांडली. शंभरातली ८१ मुलं तेवढं हलत नाहीत. मुलगे ७८, मुली ८५. भारताचा आकडा ७४ च्या आसपास, म्हणजे जगापेक्षा जरा बरा. पाठ थोपटून घेण्याआधी त्यामागचं कारण वाचा. आपल्याकडच्या मुली त्यातल्या त्यात हलतात त्या घरकामामुळं असाव्यात, असं त्याच संशोधकांनी म्हटलंय. म्हणजे हंडा, झाडू आणि धुणं. हा आमच्या पोरींचा व्यायाम!

आता शाळेचा हिशेब करू. आमच्याकडं नववीला आठवड्याला पी.टी.चे दोन तास, ३५ मिनिटांचे. हवीत ४२० मिनिटं, कागदावर ७०. त्यातली दहा मिनिटं मैदानावर पोचण्यात आणि रांगेत जायची. तरी चाललं असतं. पण दिवाळी झाली की गणिताचे सर दारात उभे: "बाई, आजचा तास देता का? पोर्शन राहिलाय." मी देत आले. आळ घ्यायचाच तर आधी माझ्यावर घ्या. वर्षाअखेरीला दहावीच्या मुलींची श्रेणी मीच भरायची, आणि भिंतीला टेकून बसलेल्यांनाही 'अ' द्यायची. टक्केवारीत ती धरत नाहीत, त्यामुळं कुणी कधी विचारलं नाही. स्पर्धा जिंकणाऱ्यांना बोर्डाचे वाढीव क्रीडा गुण मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण त्या मुली वर्गात एखादी असते. बाकीच्या पन्नास जणींचं काय?

"शाळा सुटल्यावर खेळा" असं अधिकारी सांगतात. साहेब, आमच्या निम्म्या मुली एसटीनं यायच्या. पास मोफत आहे म्हणून त्या दहावीपर्यंत टिकल्या. त्या योजनेचे उपकार मी विसरणार नाही. पण पाचची गाडी चुकली तर पुढची अंधारात, आणि अंधारात उतरलेल्या मुलीची शाळा दुसऱ्या दिवशी बंद होऊ शकते. त्यांना खेळायला मिळेल तर शाळेच्या वेळेतच, त्या दोन तासांत. आणि नेमके तेच आम्ही खातो.

शिक्षणहक्क कायदा प्रत्येक शाळेला मैदान सांगतो. सहावी ते आठवीला, पट शंभरावर असेल तर, शारीरिक शिक्षणाचा शिक्षकही, तो मात्र अर्धवेळ. आणि कायदा आठवीला थांबतो. मुलीही तिथंच थांबतात, हा योगायोग मला नीट पटत नाही.

नवं अभियान काढू नका, ही विनंती. अभियान आलं की फोटो येतात, फोटो अपलोड करायला माहिती भरावी लागते, आणि ती भरण्यात पी.टी.चाच तास जातो. मला हवंय ते फार थोडं आहे. नववी-दहावीचा हा तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाही, असं लेखी कळवा. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी वेळापत्रक बघू नये, मुलींना विचारावं: मागच्या आठवड्यात किती वेळा घाम आला? आठवड्यातून एक दिवस अख्खं मैदान मुलींचं असू द्या, मधोमधची खेळपट्टीसुद्धा. आणि संडासाच्या टाकीत पाणी. हे शेवटचं क्रीडा विभागाचं काम नाही असं तुमची फाईल म्हणेल. पण नववीतल्या मुलीला मैदानावर आणायला चेंडूच्या आधी तेच लागतं.

खात्री करायची तर कुठल्याही शाळेत या, फक्त आधी कळवू नका. कळवलंत की आदल्या दिवशी फक्की पडेल, लेझीम निघेल, मुली इस्त्रीच्या कपड्यांत रांगेत उभ्या दिसतील. जानेवारीतल्या एखाद्या बुधवारी, पी.टी.च्या तासाला, नववी ब च्या दारात येऊन उभे राहा. आत गणित चालू असेल.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका