बतावणी कापू नका

संपादक महोदय,
खान्देशातल्या यात्रांत तमाशाची गण-गवळण कशीबशी उरकते, बतावणीला (सोंगाड्यांच्या विनोदी सवाल-जवाबांना) कात्री लागते आणि थेट सिनेमाची गाणी सुरू होतात. खरी धार तर बतावणीलाच! परवा आमच्याकडे सोंगाड्याने विचारलं, "नळले पानी कव्हय?" "दहा दिनम्हा एकदाव." "मंग पानीपट्टी बी पानी उनं त्याच दिननी ल्या ना भो!" पुढच्या रांगेतले पुढारीही हसले (टाळ्या मात्र आवरल्या). हेच निवेदनात लिहिलं असतं तर नुसता पोहोचेचा शिक्का मिळाला असता. बायकांच्या रंगारूपावरचे शिळे विनोद मात्र सोंगाड्यांनी सोडावेत. टर उडवायची तर हुंडा मागणाऱ्या वरबापाची उडवा. यात्रा समित्यांनी सुपारी देतानाच बतावणीचा अर्धा तास ठरवून घ्यावा.
– एक तमाशाप्रेमी, अमळनेर