ओपा, त्या एका भरल्या ग्लाससाठी

प्रिय ओपा,

हे पत्र मी मराठीत लिहितेय. डचमध्ये मला आजोबांना ओपा म्हणणं जमतं, दुकान जमतं, दवाखाना जमतो, मनातलं अजून जमत नाही. रविवारी तुमच्याकडे आले की मोडक्यातोडक्या शब्दांत अर्थ सांगेन. पण आधी ते माझ्या भाषेत नीट लिहून होऊ दे.

गेल्या जूनमध्ये मी घरी केलेली ट्रिपल, तुमच्या बेल्जियमची ती कडक, सोनेरी बिअर, तुम्हाला आठवत असेल. २० लिटर. पोटमाळ्यावर आंबायला ठेवली होती आणि तिथे पारा २८ च्या खाली उतरत नव्हता. बाटली उघडली की नेलपॉलिशचा भपकारा यायचा आणि घोट घसा जाळत खाली जायचा. साहित्य विकणाऱ्या दुकानात बाटली घेऊन गेले, तर काउंटरमागच्या माणसाने वास घेतला आणि माझ्यासमोर ती सिंकमध्ये ओतली. "ही आमच्याकडची बिअर आहे, तुम्ही दुसरं काहीतरी करून बघा," म्हणाला. दुसऱ्या दुकानाने बिअरला कडवटपणा देणारे महागडे हॉप्स गळ्यात मारले. यीस्ट किती घातलं, कुठे ठेवलं, हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. ल्यूवेनसारख्या बिअरच्या गावात!

तुम्ही मात्र कुंपणापलीकडून ग्लास पुढे केलात. काठोकाठ भरून घेतलात आणि सगळा संपवलात. मी तीनदा म्हटलं, राहू द्या. तुम्ही हाताने थांबवलंत, डोळे मिटून पुढचा घोट घेतलात. वीस मिनिटं तरी लागली असतील. कपाळावर एक आठी नाही. रिकामा ग्लास पायरीवर ठेवून म्हणालात, "बिअर वाईट नाही. यीस्टची फार धावपळ झाली."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही ते पाहिलंत आणि दुसरीकडे बघितलंत, त्याबद्दलही आभार.

तोवर मला वाटायचं, ट्रिपलमधली लवंग, केळं, मिरी कुणीतरी वरून घालत असणार. माझ्या भांड्यात तर पिल्सनर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं फिकट सातू, साखर आणि हॉप्स एवढंच होतं. बाकी सगळं यीस्टचं, हे तुम्ही समजावलंत. पिकल्या केळ्यात जे आयसोअमाइल ॲसिटेट असतं, तेच यीस्ट बिअरमध्ये तयार करतं. लवंगेचा वास येतो तो माल्टमधल्या फेरुलिक आम्लातून. बिअरच्या बहुतेक यीस्टांनी ही करामत कधीच सोडली, इथल्या पुष्कळ यीस्टांनी ती जपली. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत, यीस्टची वाढ होत असताना फार उकाडा मिळाला, की जड, घसा जाळणारी अल्कोहोलं वाढतात. त्यात मी एका छोट्याशा पाकिटावर २० लिटरचं ओझं टाकलं होतं.

दोन दिवसांनी भर पावसात तुम्ही दारात उभे. कोटाच्या आतून बरणी काढलीत. तळाशी यीस्टचा दोन बोटं जाड, सायीच्या रंगाचा थर. झाकणावर तारीख आणि तुमच्या थरथरत्या अक्षरात "१८". मला माझी आजीच दिसली. दही संपलं की ती वाटी देऊन मला शेजारी पिटाळायची. विरजणाला कुणी नाही म्हणत नसे, आणि विरजणाचे पैसेही कुणी घेत नसे. मी पैशांचं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, वेस्टमाले मठाचे बिअर करणारे साधू वेस्टफ्लेटरेनच्या मठाला यीस्ट देतात, मग मी शेजारणीला का नाही देणार? आणि त्या "आमच्याकडची बिअर"वाल्याला एवढंच सांग, की डुव्हेल या बेल्जियन बिअरचं यीस्ट पहिल्या महायुद्धानंतर स्कॉटलंडहून आलेलं आहे.

असं शांतपणे, कुणाला कमी न लेखता शिकवणारी माणसं गावात चार असली, तरी परक्याला ते गाव आपलं वाटायला लागतं. मला ल्यूवेन तुमच्यामुळे आपलं वाटायला लागलंय.

या वेळी माल्ट तेच, साखर तीच, नळाचं पाणीही तेच. बदललं ते यीस्ट आणि जागा. तळघरात १८ अंशांवर सुरुवात केली, चौथ्या दिवसापासून हळूहळू २२ पर्यंत चढू दिलं. काल पहिली बाटली उघडली. आधी मिरीची चुणूक, मग पिकलेलं पेअर, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागे लवंग, अगदी अर्धी. गोडवा मागे रेंगाळत नाही, तोंड कोरडं, स्वच्छ. नेलपॉलिशचा मागमूस नाही.

बरणी धुऊन परत करणार होते, पण तळाच्या गाळाने ती पुन्हा भरली आहे. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी आहे, झाकणावरचा तुमचा "१८" पुसलेला नाही. रविवारी त्यातलं अर्धं तुमच्यासाठी आणते, आणि दोन बाटल्या. ग्लास मात्र तुमचे.

तुमची,
कुंपणापलीकडची शेजारीण